छोटी रिव्हॉल्व्हर, टेक्सासचं लायसन्स आणि खिसे नसलेले कपडे

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन जवळ बाळगायला लायसन्स लागतच नाही. वय २१ पूर्ण असलं आणि कायद्याने मनाई नसली की झालं. त्यामुळे मी लायसन्स काढतेय म्हटल्यावर ऑफिसात प्रत्येकाचा एकच प्रश्न, कशाला एवढा खटाटोप? तर कारण असं की मी ग्रीन कार्डवर आहे, अजून सिटिझन नाही, आणि आपल्यासारख्यांना बंदुकीच्या कायद्यातली चूक नुसत्या दंडावर भागत नाही, फायरआर्मच्या गुन्ह्यात कन्व्हिक्शन झालं तर ते डिपोर्टेशनचं कारण होऊ शकतं. म्हणून ठरवलं, जे करायचं ते शिकून आणि कागदावर.

एच-वन बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर जे आहेत त्यांनी इथेच थांबा. फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक विकत घेणंच काय, हातात बाळगणंसुद्धा बंद आहे, रेंजवर भाड्याने घेऊन मित्रांबरोबर चार गोळ्या मारणं पण त्यातच येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि वर फोटो टाकतात. हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे, पण मी त्या वाटेला गेले नाही, ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत रेंजची पायरी चढले नाही.

दुसरं कारण मुलाची शाळा. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे, कायदा १९९० चा, आणि त्यातून सूट मिळते ती त्याच राज्याचं लायसन्स असलेल्याला. लायसन्सशिवाय असाल तर बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत हवी. म्हणजे टेक्सास म्हणतं लायसन्स नको, आणि तुम्ही शाळेसमोरच्या रस्त्यावरून गाडी नेली की फेडरल गुन्हा. रोज सोडायला-आणायला जाणाऱ्या आईला एवढं कारण पुरे आहे. (लायसन्स असलं तरी शाळेच्या इमारतीत न्यायची नाहीच, ते वेगळं.) शिवाय दुसऱ्या बऱ्याच राज्यांत हे लायसन्स चालतं.

मुळात बंदूक का, तर मी रिअल इस्टेट एजंट आहे. रिकाम्या घरात अनोळखी माणसाला एकटीने फिरवून दाखवणं हे माझं रोजचं काम, आणि एका शोइंगला एक गृहस्थ दार आणि मी यांच्या मधे येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, काही केलं नाही, पण त्यानंतर मी नवऱ्याला म्हटलं की आता हा विषय पुढे ढकलायचा नाही. आधी ब्रोकरेजची पॉलिसी विचारून घेतली, कारण काही ठिकाणी एजंटला कामावर हत्यार चालत नाही. आमच्याकडे चालतं.

लायसन्सची प्रोसेस खरं सांगायचं तर पासपोर्ट रिन्यू करण्यापेक्षा सोपी आहे. डीपीएसच्या (टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या) साइटवर अर्ज, फी ४० डॉलर, बोटांचे ठसे द्यायला अपॉइंटमेंट, आणि ४ ते ६ तासांचा क्लास. क्लासचा लेक्चरचा भाग ऑनलाइन करता येतो पण मी समोर बसून केला आणि बरं झालं. बंदूक कशी धरायची हे त्यात फार कमी असतं, बराचसा वेळ बळाचा वापर कायद्याने कधी बसतो, भांडण वाढू न देता कसं निघायचं, घरात मुलांपासून बंदूक कशी ठेवायची, यावर जातो. मग पाट्या. टेक्सासमध्ये दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ अशा पाट्या असतात, पीनल कोडची कलमं आहेत ती, ३०.०६ ची असेल तर लायसन्सवाल्यानेही लपवून नेऊ नये, ३०.०७ ची उघडी नेण्याबद्दल, आणि ३०.०५ ची बिनलायसन्सवाल्यांसाठी. आणि ५१ टक्केची लाल पाटी असेल, म्हणजे ज्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथे बसून पिण्याच्या दारूवर आहे, तिथे अजिबात नाही. क्लासनंतर महिनाभर मी मॉलमध्ये सामान कमी आणि दारं जास्त बघत होते.

लेखी परीक्षा सोपी. गोळीबाराची परीक्षा ५० गोळ्यांची, ३ यार्डवरून २०, ७ यार्डवरून २० आणि १५ यार्डवरून १०, एकूण २५० मार्क आणि पास व्हायला १७५. ती मी रेंजवरची चार इंची नळीची, चांगली जड स्टीलची रिव्हॉल्व्हर भाड्याने घेऊन दिली. अशा वजनदार बंदुकीत .३८ स्पेशल ही गोळी अगदी सौम्य वाटते, झटका बराचसा वजनातच जिरतो. पास झाले. पण ते धूड रोज घेऊन फिरणार कोण?

आता खरा विषय. बाई दुकानात शिरली की काउंटरवरचा माणूस सगळ्यात छोटी, सगळ्यात हलकी, जमलं तर गुलाबी ग्रिपची रिव्हॉल्व्हर पुढे ठेवतो. हा रिवाज जुना आहे, स्मिथ अँड वेसनने १९८९ मध्ये बायकांसाठी लेडीस्मिथ नावाची लाइनच काढली होती. आणि माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याच्या हातात, मग बाई असो की बुवा, पहिली बंदूक म्हणून अशी छोटी रिव्हॉल्व्हर देऊ नये. साधा हिशोब बघा, बंदुकीचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आणि तिचा ट्रिगर मागे ओढायला लागणारा जोर साधारण साडेपाच किलोचा, मग नळी हलणार नाही तर काय होईल! नळी दोन इंचांपेक्षा कमी, नेम धरायची साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक खाच आणि पुढे एक उंचवटा, गोळ्या पाच, आणि हलकी असल्यामुळे प्रत्येक गोळीचा झटका सरळ तळहातात. .३५७ मॅग्नम ही त्याहून जोरदार गोळी त्या हलक्या साइजमध्ये मी मारून बघितली, परत मारणार नाही.

दुसऱ्या बाजूला सिग पी३६५ सारख्या सेमी-ऑटो, म्हणजे मॅगझिनमधून आपोआप पुढची गोळी घेणाऱ्या पिस्तुली आहेत. ती २०१८ ला आली आणि छोट्या बंदुकांचा बाजारच बदलून गेला, ९ एमएमच्या मॅगझिनमध्ये १० आणि नळीत १ अशा गोळ्या जवळजवळ तेवढ्याच जागेत, ट्रिगर हलका, साइट नीट दिसणारी. माझे नेम तिच्याने जास्त चांगले लागले, हे लपवत नाही. इन्स्ट्रक्टर पण म्हणाला हीच घे.

तरी मी रिव्हॉल्व्हर घेतली. पहिलं म्हणजे माझ्या डाव्या मनगटाचं जुनं फ्रॅक्चर आहे, सेमी-ऑटोची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे खेचताना पकड कधी राहते कधी सुटते, आणि सेमी-ऑटो अडकली तर ती सोडवायला हीच क्रिया लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर ओढायचा, सिलिंडर फिरतो, पुढची गोळी समोर येते. दुसरं, मला जी भीती आहे ती हातभर अंतरावरच्या माणसाची आहे. सेमी-ऑटोचं तोंड कुणाच्या अंगाला दाबलं गेलं तर स्लाइड मागे सरकून ती उडतच नाही असं होऊ शकतं, रिव्हॉल्व्हरला तो प्रश्न नाही. हॅमर (गोळीला ठोका देणारा भाग) आत बंद असलेली असेल, म्हणजे स्मिथची ६४२ किंवा रुगरची एलसीआर असते तशी, तर ती कपड्यात अडकत नाही आणि अगदीच वेळ आली तर कोटाच्या खिशातूनही चालते. आणि तिसरं, ज्या जड ट्रिगरला मी वर शिव्या घातल्या तोच खिशात असताना दिलासा देतो, चुकून ओढला जाणं अवघड. या आकाराचं वेड काही आजचं नाही, कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ ची, स्मिथची पाच गोळ्यांची चीफ्स स्पेशल १९५० ची, आणि आजच्या छोट्या रिव्हॉल्व्हर बघा, ठेवण जवळपास तीच.

निवड करताना तीन रिव्हॉल्व्हर हाताळल्या. रुगर एलसीआरचा ट्रिगर त्यातल्या त्यात मऊ, अडखळत नाही. स्मिथची ६४२ खिशात जास्त चांगली बसते. आणि तिसरी .३२ एच अँड आर मॅग्नम या बारीक गोळीची छोटी, तिच्यात पाचाऐवजी सहा गोळ्या आणि झटका खूपच कमी, मी तिच्या प्रेमातच पडले होते. तिच्यात .३२ लाँग पण चालते, तिकडे आपल्या देशात लायसन्सवर मिळते ती हीच, २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून आणलेली निर्भीक पण .३२ चीच. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "ताई, तू अमेरिकेत जाऊन .३२ घेणार?" पण अडचण ती नव्हती, जवळच्या दुकानांत .३२ च्या गोळ्या कधी असायच्या कधी नसायच्या, आणि सराव केल्याशिवाय या बंदुकीला अर्थ नाही. .३८ कुठेही मिळते. म्हणून ६४२ घेतली आणि तिच्यात १४८ ग्रेनची वॉडकटर गोळी घालते, पुढून सपाट शिशाची, झटका कमी आणि नेम बरा. विकत घेताना ४४७३ फॉर्म भरावा लागतो, त्यात ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर लिहायचा, बाकी कॅरी लायसन्स असल्यामुळे बॅकग्राउंड चेकचा फोन करावा लागला नाही.

मग कपडे. बायकांच्या पँटचे खिसे कोण शिवतं हे मला एकदा बघायचंय. जीन्सच्या खिशात अर्धी ग्रिप बाहेर, फॉर्मल पँटला तर नुसती शिवण, खिसा नाहीच. पर्सचा सल्ला सगळे देतात, मला पटत नाही, पर्स आपण सोफ्यावर टाकतो, क्लायंटच्या किचनच्या ओट्यावर ठेवतो, पोरं चॉकलेट शोधायला हात घालतात, आणि चोर पहिली ओढतो ती पर्सच. शेवटी ब्लेझरचे आणि दोन पँटचे खिसे शिंप्याकडून खोल करून घेतले आणि पॉकेट होल्स्टर घेतलं. होल्स्टर हवंच, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि बंदूक काढताना खिशातच राहणारं, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, च्युइंगमचा कागद नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला कुर्त्याखाली बेली बँड (पोटाभोवतीचा पट्टा) लावून बघितला, होतं पण पटकन हात जात नाही. साडीवर मी प्रयत्न सोडलाय, त्या दिवशी ती घरी तिजोरीत.

पॉकेट कॅरीचं खरं सुख असं की रिकाम्या घराचं दार उघडताना हात खिशात ठेवता येतो. हात खिशात घातलेली बाई कुणाला विचित्र वाटत नाही. कमरेची बंदूक काढायला कपडा वर करावा लागतो, तिथेच सगळं जगजाहीर होतं. आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात जॅकेट कोण घालतंय, त्यामुळे मोठी बंदूक घेतलेले माझे दोन सहकारी जूनपासून ती गाडीत ठेवून फिरतात. माझी मात्र जवळच असते.

सराव मात्र कंटाळवाणा आहे. घरी रिकामी करून, परत तपासून, स्नॅप कॅप (सरावाच्या नकली गोळ्या) घालून ट्रिगर ओढत बसायचं, पुढचा उंचवटा हलला नाही पाहिजे. रेंजवर मी ३ आणि ७ यार्डच्या पुढे फारशी जात नाही. रिलोड हळू होतो, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टरचा दांडा आखूड असल्याने त्या पूर्ण बाहेर पडत नाहीत, तोंड वर करून जोरात दाबायचं. एक्स्ट्रा पाच गोळ्या रबरी स्पीड स्ट्रिपमध्ये दुसऱ्या खिशात. साफसफाई विसरायची नाही, खिशातला धाग्यांचा कचरा साइटच्या खाचेत जाऊन बसतो, आणि पुंगळ्या ढकलणाऱ्या मागच्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली बंदुकीच्या न जळलेल्या दारूचे कण अडकले तर सिलिंडर घट्ट होतो.

एक शेवटचं, जे इथला कुठलाही इन्स्ट्रक्टर सांगणार नाही. रेंजला नेलेली बॅग कधीही इंडिया ट्रिपला वापरू नका. कप्प्यात एक काडतूस राहिलं आणि तिकडच्या एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टचं प्रकरण होतं, "चुकून राहिलं" हे नंतर कोर्टात सांगत बसा. माझी रेंजची बॅग वेगळी आहे, पट्ट्याला लाल टेप गुंडाळलीय, आणि नवऱ्याला सांगून ठेवलंय की सामान कितीही जास्त झालं तरी ही बॅग काढायची नाही.