रिकाम्या सीटचं तिकीट

रात्रीचा वेगळ्या तिकिटाचा खास कार्यक्रम असला की आमचं राइड्सचं पार्क दिवसाच्या लोकांसाठी सहालाच बंद होतं, आणि त्यामुळे त्या दिवशी सकाळपासूनच गर्दी कमी असते. शिफ्टवर नव्याने आलेल्या मुलांना हे पटत नाही. कार्यक्रम आहे म्हणजे जास्त लोक येणार, असा त्यांचा हिशोब. पण दिवसाचे पूर्ण पैसे भरून सहालाच बाहेर पडायला कोण तयार होईल? ज्यांना वेळापत्रक माहीत असतं ते दुसरा दिवस निवडतात. फ्लोरिडातल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये हॅलोविनच्या पार्ट्यांच्या मोसमात हेच घडतं. तिथे नेमाने जाणारे काही जण तर मुद्दाम पार्टीचाच दिवस धरतात, दुपारी मोकळ्या रांगांमध्ये हव्या त्या राइड्स उरकतात आणि दिवे लागायच्या आत निघतात.

मी राइड ऑपरेशन्समध्ये ड्युटी मॅनेजर आहे. कोणती राइड किती गाड्यांवर चालवायची, कुठे किती माणसं लावायची, काही बंद पडलं तर गर्दी कुणीकडे वळवायची, हे माझं काम. ज्या रात्रीबद्दल सांगतेय त्या रात्रीच्या कार्यक्रमात मिरवणूक नव्हती, वेशभूषा नव्हती, आतषबाजी नव्हती. दिवसाच्याच राइड्स, तीन तास, मोजकी माणसं, एवढंच होतं. वरच्या मंडळींपैकी काहींना शंका होती की त्याच राइड्ससाठी लोक वेगळे पैसे का मोजतील.

शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. पार्क बंद झाल्यावर वेगळ्या तिकिटाने लोकांना आत घ्यायची पद्धत जुनी आहे, पण बहुतेक ठिकाणी रात्री काहीतरी निराळं दाखवलं जायचं. डिस्नीलँडने १९६१ मध्ये शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी ग्रॅड नाइट सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कने १९७३ पासून हॅलोविनला भुताखेतांच्या रात्री भरवल्या. मॅजिक किंगडमची नाताळची पार्टी १९८३ ची आणि हॅलोविनची १९९५ ची. युनिव्हर्सल स्टुडिओजने फ्लोरिडातल्या आपल्या पार्कात १९९१ मध्ये 'फ्राइट नाइट्स' नावाने जे सुरू केलं तेच पुढच्या वर्षीपासून 'हॅलोविन हॉरर नाइट्स' झालं. या सगळ्यांत दिवसा न दिसणारं काही ना काही होतं. २०१६ मध्ये मॅजिक किंगडमने 'डिस्नी आफ्टर आवर्स' आणलं. पार्क तेच, राइड्स त्याच, तीन तास, सोबत आइस्क्रीम. विकायची खरी गोष्ट म्हणजे कमी माणसं. आमचा कार्यक्रम या शेवटच्या जातीचा. तो का चालतो हे मला कागदावर समजत होतं. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिलं.

आधी चार ते सहाबद्दल सांगायला हवं, कारण आमच्यासाठी सगळ्यांत अवघड वेळ तीच. रात्रीचं तिकीट घेतलेल्यांना तेव्हा चारपासून आत सोडायचे. म्हणजे दोन तास दोन्ही तिकिटांची माणसं एकाच वेळी आत असायची. दिवसभर मोकळं वाटलेलं पार्क साडेपाचला एकदम भरायचं. गेटपाशी दोन टेबलं लावून मनगटावर पट्ट्या बांधायच्या, आणि सहानंतर ज्याच्या हाताला पट्टी नाही त्याला गोड बोलून बाहेरची वाट दाखवायची.

सहाला पाच मिनिटं कमी असताना रोलरकोस्टरच्या तोंडाशी एक बाप दोन मुलांना घेऊन धापा टाकत आला. थोरली मुलगी उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली. पट्टी तिच्या केसांना जेमतेम टेकली. राइडवरच्या आमच्या कर्मचारी मुलाने तिला चपला नीट टेकवून, ताठ उभं राहायला सांगून पुन्हा मोजलं आणि मान डोलावली. बंद व्हायच्या क्षणी जो रांगेत आहे त्याला राइड मिळणार, हा आमचा नियम आहे, आणि मी तो काटेकोरपणे पाळते. त्यांना राइड मिळाली. धाकट्याला सांभाळत बाप खालीच थांबला. लेक उतरून आली तेव्हा तो मला म्हणाला, "पार्क सहाला बंद होतं हे आम्हाला आत आल्यावर कळलं. तिकीट तर आमच्याकडेही आहेच ना?"

त्याला मी काय सांगणार? तिकीट होतंच. मी त्यांच्यासोबत गेटपर्यंत चालत गेले. समोरून हातात पट्ट्या बांधलेली माणसं आत येत होती आणि धाकटा मुलगा प्रत्येकाच्या मनगटाकडे बघत होता. वेळ बदलल्याची सूचना आमच्याकडे तेव्हा छापलेली असायची, पण बारीक अक्षरांत, तिकिटाच्या पानाच्या तळाशी. ती कोणी वाचत नसे आणि वाचली नाही म्हणून कोणाला दोष देता येत नाही.

सातला रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. आता थोडं आकड्यांत शिरते, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या कोस्टरच्या गाडीत २४ सीट. दर ४५ सेकंदांनी एक गाडी सुटली तर तासाला ८० गाड्या, म्हणजे १,९२० माणसं. हा कागदावरचा आकडा. कोणाची पिशवी ठेवायची राहते, कोणाचा सीटवर धरून ठेवणारा बार नीट बसत नाही, कोणाला शेवटच्या क्षणी उतरायचं असतं. तेव्हा १,६०० धरून चालायचं. गर्दीच्या दिवशी तासाला समजा १,५०० माणसं या राइडकडे येतात. वरवर सगळं ठीक दिसतं. आता ती राइड ५० मिनिटं बंद पडली असं धरा. रांगेत १,२५० माणसं साठली. राइड सुरू झाली तरी नवी माणसं १,५०० च्या वेगाने येतच आहेत, म्हणजे जुनी रांग फेडायला तासाला फक्त १०० सीट उरतात. ती फेडायला साडेबारा तास लागतील. म्हणजे त्या दिवशी ती फिटतच नाही. प्रत्यक्षात लोक कंटाळून दुसरीकडे जातात, तिथल्या रांगा फुगतात, आणि एका राइडचा बिघाड सगळ्या पार्कचा दिवस खातो.

रात्रीच्या तिकिटांना मर्यादा असते. तासाला समजा ६०० माणसं याच राइडकडे आली तर प्रत्येक तासाला हजार सीट रिकाम्या जातात. बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. आमच्या हिशोबखात्याला तर हमखास वाटते.

आठ वाजून गेले होते. वॉकीवर आवाज आला, कोस्टर थांबली. लिफ्टवरच्या, म्हणजे गाडी वर ओढणाऱ्या चढावरच्या, एका सेन्सरने चुकीचा इशारा दिला होता. कोस्टरचा रूळ टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी लागते. कोणता टप्पा मोकळा आहे याची यंत्रणेला खात्री वाटली नाही की ती प्रत्येक गाडी पुढच्या थांबवण्याजोग्या जागी, म्हणजे ब्रेकवर किंवा चढावर, थांबवते. ती तशीच बांधलेली असते, आणि तसंच हवं. दोन गाड्या स्टेशनजवळच्या ब्रेकवर थांबल्या. तिसरी चढावर, जवळजवळ माथ्यापाशी अडकली.

मी पोहोचले तोवर मेंटेनन्सवाल्यांनी मोटरचा पुरवठा तोडून स्विचला आपापली कुलपं लावली होती. जेवढी माणसं वर जाणार तेवढी कुलपं, आणि ज्याचं त्याने येऊन काढल्याशिवाय मोटर फिरूच शकत नाही. मग आम्ही रुळाशेजारच्या जिन्याने वर गेलो. गाडी अर्धीच भरलेली होती. गाडीच्या बाजूचं पेडल दाबून एका वेळी एकाच ओळीचा बार मोकळा करायचा, त्या ओळीतल्या माणसांना हात देऊन जिन्यावर घ्यायचं, ती दहा-बारा पायऱ्या उतरली की पुढची ओळ. घाई करायची नाही आणि बोलणं थांबवायचं नाही. आमचा आवाज थांबला की माणसं घाबरतात.

पहिल्या ओळीत एक आजी आणि त्यांचा नातू होता. नातू अकरा-बारा वर्षांचा, ओठ घट्ट मिटून समोर बघत बसलेला. मी म्हटलं, "आजी, डावा हात कठड्यावर ठेवा, मी पुढे आहे. खाली बघू नका, माझ्या पाठीकडे बघा."

"मला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला आधी न्या."

पायऱ्या उतरताना त्या मधेच थांबल्या आणि खाली बघितलंच. दिवसा तिथून रांगेच्या वळणांमध्ये नुसती डोकी दिसतात. आता कठड्यांमधल्या वाटा रिकाम्या होत्या, चौकात बाकांवर माणसं निवांत बसली होती, एका बाकावर कोणी आडवंसुद्धा झालं होतं. आजी म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन लोक बसलेत काय?"

मला त्यांचा प्रश्न रात्रभर पुरला. मी खाली उतरल्यावर मुद्दाम चौकातून चक्कर मारली. आम्ही माणशी किती राइड्स होतील याचा अंदाज बांधलेला असतो, आणि रात्रीच्या तीन तासांत लोक त्याच्या जवळपासही जात नाहीत. सुरुवातीच्या तासात धावतात, दिवसा तासभर उभं करणाऱ्या दोन-तीन राइड्स घेतात, आणि मग त्यांचा वेग उतरतो. पुढची राइड केव्हाही मिळणार हे कळलं की ती आत्ताच घ्यायची निकड राहत नाही. दिवसा आमच्याकडे कोणी बसत नाही. बसलेला वेळ रांगेत वाया गेला असं वाटतं, म्हणून पाय दुखले तरी लोक उभेच राहतात.

कोस्टर जवळपास ५० मिनिटं बंद होती. शेजारच्या दोन राइड्सवर एरवी थेट चढता येत होतं, तिथे थोडी रांग लागली, तीही पटापट सरकणारी. माझ्याकडे तक्रार घेऊन कोणीही आलं नाही. दिवसा एवढ्या वेळात माझ्याभोवती माणसांचं कडं झालं असतं. सेन्सर बदलला, कुलपं निघाली, रिकाम्या गाड्यांचे फेरे झाले, कागदावर सह्या झाल्या आणि राइड सुरू झाली. परत आलेली माणसं अर्ध्या तासाच्या आत फिटली. वरच्या हिशोबातल्या हजार रिकाम्या सीट बिघाडाच्या वेळी कामी येतात. लोकांनी त्यांचेच पैसे दिलेले असतात, मग राइड बंद पडो वा न पडो.

आजी आणि नातू परत आले. नातवाला पुन्हा पहिलीच ओळ हवी होती. मी विचारलं, "आजी, तुम्हीही?" त्या म्हणाल्या, "दिवसा असं झालं असतं तर आम्ही पुन्हा रांगेत उभेच राहिलो नसतो. आता काय, समोर गाडी उभी आहे." स्टेशनातल्या मुलाने त्यांचा बार दोनदा ओढून बघितला. अंगठा वर केला. गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मर्यादेचा विषय निघणार हे मला माहीत होतं. सगळी तिकिटं संपली होती, लोक खूश होते, तेव्हा पुढच्या वेळी थोडी जास्त विकू, असा सूर होता. थोडी म्हणजे चौथाई-तिहाई. मी राइडची नोंदवही पुढे ठेवली. तासाला ६०० ऐवजी ८०० माणसं धरली तर ५० मिनिटांच्या बिघाडानंतर रांग फिटायला अर्ध्या तासाऐवजी जवळपास ५० मिनिटं लागतात, आणि हजार धरली तर जवळजवळ दीड तास. कार्यक्रम तीन तासांचा. तिकिटं वाढतात त्या प्रमाणात रांग वाढत नाही, ती त्याहून फार भराभर वाढते. बंद पडणाऱ्या राइड्स कोणत्या रात्री बंद पडायच्या हे आपण ठरवू शकत नाही.

पार्कांच्या हजेरीबद्दल आपण नेहमी एकूण आकड्यांत बोलतो. डिस्नी स्वतः आकडे जाहीर करत नाही, पण थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशनच्या अहवालांतला अंदाज धरला तर मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख माणसं आली, म्हणजे दिवसाला सरासरी ५७ हजार. २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख. अशा आकड्यांवरून पार्क किती चाललं ते कळतं. आत आलेल्या माणसाला दिवस कसा गेला ते कळत नाही. माझ्या मते आमच्या धंद्याने हाच दुसरा आकडा मोजायला शिकायला हवं. माणशी रांगेतला वेळ किती, आणि कितीजण बाकावर बसले होते.

त्या बापाचा प्रश्नही मी बैठकीत मांडला, अगदी त्याच्याच शब्दांत. रात्रीच्या मोकळेपणाची किंमत दिवसाचे लोक संध्याकाळ देऊन भरतात. पार्टीच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते हे खरं, पण त्याचा फायदा आधीपासून माहिती असणाऱ्यालाच होतो. ज्याला वर्षातून एकदाच यायला जमतं, त्याची संध्याकाळ जाते.

मर्यादा वाढली नाही. रात्रीच्या लोकांना चारऐवजी पाचला आत घ्यायचं ठरलं, म्हणजे दोन्ही गर्द्या एकत्र असण्याचा वेळ अर्ध्यावर आला. बंद व्हायची वेळ आता तिकिटाच्या पानावर सगळ्यांत वर, तारखेइतक्याच मोठ्या अक्षरांत असते आणि सकाळी गेटवर माणूस उभा राहून ती प्रत्येकाला सांगतो. कार्यक्रम असेल त्या तारखेला दिवसाचं तिकीट स्वस्त करावं, ही माझी तिसरी मागणी मान्य झालेली नाही. पुढच्या मोसमाच्या तारखा ठरायच्या आधी मी ती पुन्हा मांडणार आहे आणि या वेळी सहाला बाहेर पडणाऱ्या लोकांच्या राइड्सची नोंदही सोबत ठेवणार आहे. ती घ्यायला आमच्या मुलांनी सुरुवात केली आहे.