कावीळ, तास आणि आठवडे

पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात नवजात बाळाची कावीळ मी जवळजवळ रोज पाहते. शिकत असताना कितव्या दिवशी किती बिलिरुबिन (रक्तातले कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) चालेल, हे आम्ही पाठ करत असू. नवजात-तज्ज्ञ डॉ. विनोद भुतानी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तासांवर आधारलेला आलेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून बाळाचे वय तासांत धरण्याची पद्धत रुळली. आता मी त्यासाठी ‘बिलिटूल’ हे मोफत ऑनलाइन साधन वापरते; बाळाचे तासांतले वय आणि गर्भारपणाचे आठवडे भरले की ते उपचाराची मर्यादा सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना त्याचा आधार आहेत.

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातून एक जोडपे बाळाला घेऊन आले. बिलिरुबिन दर डेसिलिटरला १५ मिलिग्रॅम होते. वय भरायला जन्मवेळ हवी होती आणि डिस्चार्ज कार्डावर नुसती तारीख होती. वडील म्हणाले, “मॅडम, पहिला फोटो काढला, त्याची वेळ मोबाइलात असंल.” दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या फोटोवर रात्रीचे २.४० दिसत होते. त्यावरून वय ५८ तास ठरले.

कार्डावर गर्भारपणाचे ३८ आठवडे लिहिले होते. तेवढे भरल्यावर बाळाचा आकडा उपचाराच्या मर्यादेच्या खाली आला. माझे मन मात्र मानेना, कारण बाळ दूध ओढताना लवकर थकत होते. आईच्या पिशवीत तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी निघाली आणि तिच्या हिशोबाने ३६ आठवडेच भरत होते. आईचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आणि बाळाचा बी पॉझिटिव्ह, म्हणून आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तपेशींना चिकटली आहेत का, हे पाहणारी कूम्ब्स चाचणी केली. तीही पॉझिटिव्ह आली. या दोन नोंदी दुरुस्त करताच तेच १५ मर्यादेच्या वर गेले. बाळाला लगेच निळ्या प्रकाशाखाली ठेवले आणि दर दोन-तीन तासांनी पाजण्यासाठी आईकडे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ११ वर आला.

अशी साधने नसती तर इतका बारीक हिशोब गर्दीच्या ओपीडीत मला जमला नसता, हे मी मनापासून सांगते. पण गर्भारपणाचे ३५ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला हे साधन लागू नाही, आणि चुकीचे आठवडे भरले तर तेही चुकीचेच उत्तर देते. म्हणून आमच्या केसपेपरवर जन्मवेळ आणि सोनोग्राफीनुसार आठवडे असे दोन रकाने मी छापून घेतले आहेत. ते भरल्याशिवाय सिस्टर कागद आत पाठवत नाहीत.