सोलापूर ते दुबई: उघडलेलं पॅराशूट किती वेगाने उडतं ते पाहायला

दुबईला जाणारे आपले लोक बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफारी आणि सोन्याचा बाजार करून परततात. हल्ली त्यात टँडम स्कायडायव्हिंगची, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून मारलेल्या उडीची, भर पडली आहे. टँडम उडी मीही मारली आणि ती मारावीच. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते उडीनंतर मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलेलं दृश्य. पॅराशूट केव्हाच उघडलेलं आहे, आणि माणूस जमिनीपासून हातभर उंचीवरून ताशी शंभराच्या वर वेगाने सरळ पुढे निघून जातोय. याला स्वूपिंग म्हणतात, स्पर्धेत कॅनोपी पायलटिंग. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली तेव्हापासून स्कायडायव्हिंग आपल्या घराघरात माहीत झालं, पण स्वूपिंगबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जाण्याचं. दुबईचं विमान रात्रीचं असेल तर सोलापूरहून सकाळची वंदे भारत पकडा, दुपारी मुंबईत पोचता. विमान दुपारचं असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर बरी. दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ. विमानप्रवास तीन तासांच्या आसपास, घड्याळ दीड तास मागे. व्हिसा आधी काढावा लागतो आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, चटणी मोठ्या बॅगेत टाका. खसखस मात्र अजिबात नको. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिथे हे प्रकरण फार गंभीरपणे घेतात. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असते, तेव्हा बहिणीसाठी म्हणून तो डबा बांधण्याआधी आईला नक्की विचारा.

ड्रॉपझोन म्हणजे उड्या मारून उतरण्याचं मैदान. ताडाच्या आकाराच्या पाम बेटाजवळचा पाम ड्रॉपझोन दुबई मरीनाला लागून, समुद्राकाठी आहे. मेट्रोने मरीनापर्यंत आणि पुढे ट्रामने मिना सियाहीपर्यंत जाता येतं. तिथून थोडं चालणं. दुसरा ड्रॉपझोन वाळवंटात, अल ऐनच्या रस्त्याला. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. सकाळचीच वेळ घ्या, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो. वाऱ्यामुळे किंवा धुक्यामुळे उड्या पुढे ढकलल्या जातात, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशीचं बुकिंग करू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. वजनाची मर्यादा कडक असते आणि काट्यावर उभं करूनच पुढे सोडतात. नव्वदीच्या पुढे असाल तर पैसे भरण्याआधी नियम वाचा. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर उडीआधी किमान २४ तास जाऊ द्या. स्वतःचा कॅमेरा घेऊन उडी मारू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

टँडमबद्दल थोडक्यात. विमान १३,००० फुटांवर जातं. दार उघडतं, मग जवळपास मिनिटभर ताशी दोनशेच्या आसपास वेगाने खाली. गंमत अशी की हा वेग डोळ्यांना कळतच नाही. वारा तोंडावर आदळतो, पण आजूबाजूला मागे पळणारं काहीच नसतं. खाली पामचं बेट चित्रासारखं स्थिर. पॅराशूट उघडलं की सगळं शांत होतं आणि पाचेक मिनिटांत तुम्ही गवतावर बसलेले असता.

दाजी खाली वाट पाहत होते. "झालं? आता चला, भूक लागली," म्हणाले.

"दाजी, तासभर थांबू या. तुम्हीही बघाच."

तो तास दुपारपर्यंत लांबला. पुढे जाणाऱ्यांना माझा पहिला आग्रह हाच: उडी सकाळी मारा आणि नंतरचा अर्धा दिवस तिथेच काढा. दुसरी गोष्ट, टँडमच्या जोडीकडे न पाहता त्यांच्या कॅमेरामनकडे पाहा. तो त्यांच्याबरोबरच विमानातून उडी मारतो, पण त्यांचं उतरणं टिपायला त्याला आधी खाली पोचायचं असतं. त्याचं पॅराशूट लहान आणि वेगवान. शेवटच्या दोन-तीनशे मीटरवर तो एक बाजू दाबतो, पॅराशूट गिरकी घेत तोंड खाली करून सूर मारतं, आणि आता हा जमिनीवर आदळणार असं वाटत असतानाच आडवं होतं. मग शीळ घातल्यासारखा आवाज करत तो तुमच्या समोरून निघून जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दाजींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जेवणाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तिथे एक कोल्हापूरचा मुलगा भेटला, परवाना घेतलेला स्कायडायव्हर. मराठी कानावर पडल्यावर तो स्वतःहून आला आणि पॅकिंगच्या शेडपर्यंत घेऊन गेला. आमचा अक्कलकोट रोडवर यंत्रमाग, त्यामुळे माझं लक्ष आधी कापडावर. नायलॉनचं रिपस्टॉप कापड असतं: ताण्याबाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी केलेल्या, म्हणजे फाटलंच तर चीर पुढे धावत नाही. पूर्वीच्या कापडातून थोडी हवा पार व्हायची. आताच्या कापडावर सिलिकॉनचा थर असतो आणि हवा जवळजवळ जातच नाही. दोन थरांच्या मध्ये कापडाच्याच उभ्या भिंती, पुढचं तोंड उघडं. हवा आत शिरते आणि कापडाचं पंख होतं. ही कल्पना अमेरिकेतल्या डोमिना जालबर्ट यांची, १९६० च्या दशकातली. त्याआधीचं गोल पॅराशूट फक्त पडणं मंदावायचं, हे उडतं. स्पर्धेच्या काही पॅराशूटमध्ये आतल्या भिंतींना शिडाचं ताठ कापड वापरतात, म्हणजे वेगातही पंखाचा आकार बिघडत नाही. दोऱ्या इतक्या बारीक की आपल्या मागावरचं सूत आठवावं, पण ताकद विलक्षण.

वेग ठरतो तो वजन आणि क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावर. स्कायडायव्हर ते पौंड आणि चौरस फुटांत मोजतात. सत्तर किलोचा माणूस सामानासकट १८० पौंडांच्या घरात जातो. तो १८० चौरस फुटांच्या पॅराशूटखाली असेल तर गुणोत्तर एक, आणि नवशिक्याला साधारण एवढंच किंवा यापेक्षा कमी देतात. पुढे जाण्याचा वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटर. तोच माणूस ७२ चौरस फुटांखाली लटकला तर गुणोत्तर अडीच. वेग गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे नुसत्या आकारामुळे दीडपटीच्या वर. स्वूपिंगचे पंख त्यात मुळातच वेगासाठी आखलेले असतात.

पण ताशी शंभराच्या पुढचा वेग सरळ उडताना मिळत नाही. तो उंचीतून विकत घ्यावा लागतो. पायलट, म्हणजे पॅराशूट चालवणारा, पाऊण गिरकी घेतो, अनुभवी असेल तर सव्वा किंवा जास्त. गिरकीत तो बाहेर फेकला जातो, दोऱ्यांवरचा भार वाढतो, पंख खाली तोंड करतो आणि उंचीचं रूपांतर वेगात होतं. मग पायलट पुन्हा पंखाखाली येतो आणि मिळवलेला वेग आडवा वळतो. पंख उघडायला मदत करणारं छोटं पॅराशूट आणि पिशवीसुद्धा स्पर्धक हवेतच काढून ठेवतात, कारण मागे फडफडणारी प्रत्येक गोष्ट वेग खाते.

स्पर्धेत तीन प्रकार असतात: अंतर, वेग आणि अचूकता. वेगाच्या शर्यतीत ७० मीटरचा वळणदार मार्ग जमिनीलगत पार करायचा. अव्वल खेळाडूंना सव्वादोन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे सरासरी ताशी ११२ किलोमीटर, तीही वळण घेत. सूर मारतानाचा कमाल वेग त्याहून बराच अधिक, दीडशेच्या घरात जातो. अंतराच्या शर्यतीत अमेरिकेच्या निक बॅचने २०११ मध्ये २२२ मीटरपर्यंत मजल मारली.

या वेगाचा सगळ्यात बोलका पुरावा मला एका पेटीत सापडला. सायप्रेस नावाचं एक जर्मन यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास ते आपोआप राखीव पॅराशूट उघडतं. नेहमीच्या यंत्राची खूण ही की खाली जाण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटर, ताशी १२६ किलोमीटर, झाला पाहिजे; एवढ्या वेगात माणूस म्हणजे पॅराशूट न उघडलेलाच, असा त्यामागचा हिशेब. स्वूपर मात्र चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली ती रेषा गाठू लागले. शेवटी त्यांच्यासाठी वरची मर्यादा असलेलं वेगळं मॉडेल काढावं लागलं.

आणि आता आपल्या गावाची मोजपट्टी. ५ एप्रिल २०१४ रोजी दुबईतच एर्नेस्टो गाइन्झा हा व्हेनेझुएलाचा स्कायडायव्हर ३५ चौरस फुटांच्या पॅराशूटने सुखरूप उतरला. आपली सोलापुरी सिंगल चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. चादरीहून लहान कापडाखाली माणूस विमानातून उतरला! मी हे सांगितल्यावर त्या कोल्हापूरच्या मुलाने फोनवर गुणाकार करून खात्री करून घेतली.

त्याचं स्वतःचं पॅराशूट अजून मोठंच आहे. अमेरिकन पद्धतीचा पहिला म्हणजे ए परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो, सर्वांत वरचा डी ५०० नंतर. "मला शेकडो उड्या झाल्याशिवाय लहान पंखाला हात लावायचा नाही, दादा," तो म्हणाला. "पॅराशूट न उघडण्यापेक्षा उघडलेल्या पॅराशूटखाली खालच्या उंचीवर घेतलेलं वळण जास्त भीतीचं." त्याचं म्हणणं खरं आहे. या खेळातले कितीतरी मृत्यू धडधाकट पॅराशूटखाली झालेले आहेत. गिरकी सुरू करताना पन्नास फुटांचा फरक पडला तरी वेग आडवा व्हायला जागाच उरत नाही. म्हणूनच स्पर्धा उथळ पाण्याच्या तळ्यावर घेतात, आणि तरीही हाडं मोडतात. तुमच्यापैकी कुणी परवाना घ्यायला निघाला असेल तर पहिल्या वर्षाच्या खर्चात पॅराशूट उडवण्याच्या वेगळ्या प्रशिक्षणाचे पैसे धरा, आणि कुणी स्वस्तात लहान पॅराशूट देतो म्हटलं तर घेऊ नका.

एक मुद्दा आपल्या हवेचा. विरळ हवेत पंख जास्त वेगाने उडतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यात मे महिन्याचा ४३ अंशांचा उन्हाळा. जानेवारीतल्या दुबईच्या तुलनेत तेच पॅराशूट इथे सुमारे सहा टक्के जास्त वेगाने उतरेल. थंड देशात, समुद्रकाठी शिकून आलेल्याने दख्खनच्या उन्हात पहिली उडी मारताना हे ध्यानात ठेवावं.

पाहायला जाताना गॉगल आणि टोपी घ्या, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि आखलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नका. येणाऱ्याला तुमच्यासाठी वळायला वेळ नसतो. फोनवर टिपायचं असेल तर स्लो मोशन लावा आणि पॅराशूट आकाशात असल्यापासूनच कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत आणा. विमान उतरल्यापासून पुढची खेप येईपर्यंत चांगला वेळ असतो. पाणी, जेवण तेवढ्यात उरका.