पाठीला डोळे बसवताना: आरशाच्या गॉगलची नोंदवही, 640 किलोमीटरपर्यंत

सायकल चालवताना मागचा रस्ता दिसावा म्हणून गॉगलच्या काचेला आतून छोटा आरसा लावला, आणि पहिल्या राइडला त्यात एकच गोष्ट स्वच्छ दिसली, माझा स्वतःचा कान. त्यामागे हेल्मेटचा पट्टा, पट्ट्यामागे सुटलेली केसांची बट, आणि उरलेल्या फटीत काहीतरी करडं हलत होतं. तो रस्ता असावा. कान स्वच्छ आणि रस्ता धूसर, हे वाक्य त्या दिवशी वहीत नुसतं वैतागून लिहिलं होतं. सगळ्या गोंधळाची किल्ली त्याच वाक्यात होती, पण ते कळायला तीन राइड गेल्या.

या उद्योगात पडायचं कारण साधं आहे. मागे वळून बघितलं की माझी सायकल त्याच बाजूला ओढली जाते. 25 च्या वेगात एका सेकंदात आपण जवळजवळ सात मीटर पुढे जातो, आणि त्या सात मीटरांत पुढे काय आहे ते मला दिसत नसतं. कानांवर भिस्त ठेवावी तर त्या वेगाला वाऱ्याचाच घोंघाट एवढा असतो की मागची गाडी अंगाशी आल्यावरच ऐकू येते. इलेक्ट्रिक गाड्या तर तेवढंही कळू देत नाहीत. हँडलबारचा आरसा दोन वर्षं वापरला. खराब रस्त्यावर तो असा थरथरतो की ट्रक आणि झाड सारखंच दिसतं.

शिवाय हिशेब करून बघितला. पाच सेंटीमीटर रुंदीचा सपाट आरसा डोळ्यापासून 70 सेंटीमीटरवर असेल, तर त्यातून जेमतेम चार अंशांचा पट्टा दिसतो. म्हणजे 50 मीटर मागे साधारण साडेतीन मीटर रुंदी. फुगीर आरसा जास्त दाखवतो, पण सगळं लहान करून, त्यामुळे जवळची गाडी लांब वाटते. उलट डोळ्यापासून अडीच-तीन सेंटीमीटरवर नखाएवढा सपाट तुकडा ठेवला तरी वीसेक अंश मिळतात. 50 मीटरवर सतरा मीटर रुंदी! आणि आकार खरा. हा आकडा बघितला आणि मी कामाला लागले.

स्वतः केलेला, क्रमांक एक

तयार गॉगल दोन तऱ्हांचे आहेत. नॉर्वेच्या ट्रायआयने काचेच्या कोपऱ्यात छोटा आरसा बसवला. स्कॉटलंडच्या हाइंडसाइटने काचेचा कानाकडचा भागच अर्धपारदर्शक आरशासारखा केला, म्हणजे तिथून पुढचंही दिसावं आणि मागचंही. मी मात्र आधी घरच्या घरी करून बघायचं ठरवलं. जुना पॉलिकार्बोनेटचा गॉगल, अ‍ॅक्रिलिक आरशाची दोन मिलिमीटर जाडीची पट्टी, डबल टेप. पट्टीवर ओरखडा काढून 12 बाय 10 मिलिमीटरचा तुकडा मोडला, कडा कानशीने घासल्या, मग पॉलिश पेपरने गोल केल्या. काचेचा आरसा डोळ्यापाशी कोणीही, कधीही लावू नये. एवढी एक सूचना मी दरडावून देते.

पहिला धडा कोनाचा. खेळाच्या गॉगलची काच बाहेरच्या कोपऱ्यात कानाकडे वळलेली असते. त्यावर आरसा सपाट चिकटवला की तो मागचा रस्ता सोडून आपलाच कान दाखवतो. डोळा सरळपासून 45 अंश बाजूला वळवून आपण आरशात बघणार असू आणि दिसायला हवं असेल थेट पाठीमागचं, तर आरशाचा रोख थेट मागच्या दिशेपासून साडेबावीस अंशच डोक्याकडे कललेला हवा. काच त्याहून जास्त कललेली असते. म्हणून खोडरबराची बारीक पाचर कापून आरशाखाली घातली.

पाचर कापताना हात सैल ठेवून चालत नाही. आरसा एक अंश फिरला की त्यातली नजर दोन अंश फिरते. पाचरीत तीन अंशांची चूक म्हणजे नजरेत सहा, आणि 50 मीटरवर पाच मीटरांहून जास्त. पहिल्या पाचरीने मला रस्त्याकडेची झुडपं फार छान दाखवली. चौथी पाचर बरी जमली. आता एका कडेला कानाची जेमतेम पाळी दिसते आणि बाकी सगळा रस्ता. ती पाळी मुद्दाम ठेवली आहे. ती दिसत असली की कळतं, आरसा जागेवर आहे.

कान स्वच्छ, रस्ता धूसर

पाचर जमली तरी रस्ता धूसरच. ग्रुपमधल्या एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, आरसा डोळ्याच्या इतक्या जवळ आहे, धूसर दिसणारच." मलाही ते पटलं. मग त्यांनीच गॉगल घालून बघितला आणि म्हणाले, "मला तर नंबर प्लेटसुद्धा वाचता येतेय." काकांना वाचायला चष्मा लागतो. जवळचं दिसत नाही ते त्यांना. मग डोळ्यापासून अडीच सेंटीमीटरवरचं कसं दिसलं?

तर आरशात बघताना डोळा आरशाच्या पृष्ठभागावर फोकस करतच नाही. सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या तितकीच मागे असते, जितकी वस्तू पुढे असते. 50 मीटर मागची गाडी डोळ्याच्या हिशेबात 50 मीटरवरच असते, आरसा कितीही जवळ असो. काकांची लांबची नजर चोख, त्यांना चोख दिसलं. माझा नंबर उणे सव्वादोन. चष्म्याशिवाय मला अर्ध्या मीटरच्या आतलं तेवढं स्पष्ट दिसतं. कान या हद्दीत बसतो, रस्ता बसत नाही. आणि राइडला मी नंबरची काच नसलेला गॉगल घालत होते, कारण पुढचं "चालतं की" अशी वर्षानुवर्षांची सवय. आरशाने माझी ती लबाडी उघडी पाडली.

तुमचाही लांबचा नंबर असेल तर एवढं लक्षात ठेवा. आरसा काचेच्या आतल्या बाजूला असतो, म्हणजे डोळा आणि आरसा यांच्यामध्ये नंबरची काच येतच नाही. गॉगलला नंबर करून घेतला तरी पुढचंच सुधारेल, आरशातलं नाही. आत बसवायच्या नंबरच्या छोट्या काचा मिळतात, पण त्या बहुतेक वेळा कोपऱ्यापर्यंत पोचत नाहीत. उपाय दोनच. एक तर कॉन्टॅक्ट लेन्स, नाही तर चष्म्याच्या किंवा हेल्मेटच्या बाहेर पुढे लावायचा काडीचा आरसा, जो आपण चष्म्यातूनच बघतो. मी लेन्स घेतल्या. त्या घालून निघाले त्या दिवशी मागचा रस्ता असा लख्ख दिसला की मी चक्क हसले. पुढचा रस्ताही लख्ख दिसला, ते वेगळंच.

आरसा पडला, आणि तयार गॉगल आला

210 किलोमीटरला स्वतः केलेल्या आरशाचा शेवट झाला. उन्हाने टेप मऊ झाली होती. चाक खड्ड्यात आदळलं आणि आरसा पाचरीसकट गालावरून घरंगळून गेला. कडा गोल होत्या म्हणून ओरखडाही आला नाही, पण तोच तुकडा डोळ्याच्या दिशेने गेला असता तर, हा विचार पुढे दोन दिवस सोडेना. घरचा प्रयोग शिकायला उत्तम, रोज वापरायला नको.

तयार गॉगलचं नाव घेत नाही, कारण मला त्याबद्दल तक्रार करायची आहे. आरसा छान आहे, काचेतच घट्ट बसवलेला, किंचित फिरवताही येतो. पण नोजपॅड इतके गुळगुळीत की घाम आला की गॉगल घसरलाच. इतर गॉगल घसरला तर आपण बोटाने वर ढकलतो आणि विसरतो. इथे तसं नाही. नाकावरून सेंटीमीटरभर घसरला की कानाच्या टेकूवर तो साधारण चार अंश पुढे झुकतो, आणि आरशातली नजर आठ अंश वर जाते. मधोमध असलेलं क्षितिज खालच्या कडेला जाऊन टेकतं. चढावर मागे बघावं तर नुसतं आभाळ. सध्या काड्यांना मागून पट्टा लावला आहे. दिसतो हास्यास्पद, पण घसरणं निम्मं झालं.

ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, हात गेले आणि मान खाली झुकली तरी असंच आभाळ येतं, तो मात्र गॉगलचा दोष नाही. चेहरा जितका खाली, तितकी पाठीमागची नजर वर. मी आरसा हूड्सवरच्या, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर हात ठेवलेल्या, बैठकीला लावून ठेवलाय आणि ड्रॉप्सवर असताना बघण्यापुरती हनुवटी उचलते.

दोन डोळ्यांचं भांडण

याबद्दल कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आरसा एकाच डोळ्याला दिसतो. त्याच वेळी दुसरा डोळा पुढच्या बाजूचं काहीतरी बघत असतो. एका डोळ्यात मागचा ट्रक, दुसऱ्यात बाजूची भिंत, आणि मेंदूला दोन्हींतून एक निवडायचं असतं. पहिल्या काही राइडमध्ये ट्रकवर भिंत तरंगताना दिसायची आणि पोटात ढवळायचं. एका दिवशी अर्ध्या तासात गॉगल काढून खिशात टाकला.

उपयोग झाला तो सरावाचा, आणि तो सायकलवर बसून नव्हे. मोकळ्या मैदानात उभी राहिले, एक मैत्रीण मागे 20, 50 आणि 100 मीटरवर उभी राहून बोटं दाखवायची, मी आरशात बघून मोठ्याने आकडा सांगायचा. 100 मीटरवर बोटं मोजता आली नाहीत, हात वर आहे की खाली एवढंच कळलं. पण तासाभरात नजर कोपऱ्यात नेणं आणि परत आणणं सहज झालं. 300 किलोमीटरच्या पुढे भांडण मिटलं. आता बघायचं म्हटलं की आरसा, नाही तर तो असल्याचं जाणवतही नाही.

वेग ओळखणं मात्र अजून शिकतेय. एका नजरेत वेग कळत नाही, निदान मला नाही. म्हणून दोनदा बघते, मधे "एक, दोन" मोजून. अंतर निम्मं झालं की गाडी दुप्पट मोठी दिसते. दुसऱ्या नजरेत फारसा फरक नसेल तर वेळ आहे. मागची गाडी 60 ने आणि मी 20 ने चालले असेन, तर 100 मीटरचं अंतर नऊ सेकंदांत संपतं. गाडी 80 ने असेल तर सहा. ऐकायला हे पुरेसं वाटतं, पण खड्डा चुकवायला कधी बाहेर यायचं हे ठरवताना सहा सेकंद फार नसतात.

उजेड

हे अनपेक्षित होतं. गडद काच पुढचा उजेड कमी करते, माझी तिसऱ्या श्रेणीची काच तर 8 ते 18 टक्केच आत सोडते. पण मागून येणारा उजेड काचेतून येत नाही, तो गाल आणि काच यांच्यामधल्या फटीतून सरळ आरशावर पडतो. त्यामुळे पुढचं जग सावलीत आणि आरसा भर उन्हात. सकाळी सूर्य पाठीशी असला की कोपऱ्यात वेल्डिंग चालल्यासारखं होतं. अंधार पडल्यावर मागच्या गाडीचे हेडलाइट तसेच. मान थोडी वळवली की चटका टळतो, पण त्याबरोबर रस्ताही टळतो. संध्याकाळसाठी पारदर्शक काच घेतली, पुढचं तरी नीट दिसतं. अर्धपारदर्शक आरशाचा गॉगल यात कसा वागेल ते कोणी वापरत असेल तर जरूर लिहा.

ग्रुपमध्ये

रांगेत पुढे राहून मागच्यांसाठी वारा कापताना याचा जो उपयोग झाला, त्यासाठी मी हा गॉगल घेतलाच नव्हता. चढ संपला आणि आरशात मागचे दोघे दिसले, तिसऱ्याच्या पुढे लांबलचक फट. वेग दोनने कमी केला, फट भरली, परत वाढवला. थांबल्यावर मागचा मुलगा विचारतो, "ताई, तुम्ही तर एकदाही वळून बघितलं नाहीत, कळलं कसं?" मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. पुढच्या राइडला त्यालाही हवा होता.

ग्रुपमधल्या दोघांकडे सायकलच्या मागे लावायचं गार्मिनचं व्हेरिया रडार आहे. ते 140 मीटरपर्यंतची गाडी हेरतं, आरशाकडे बघायची आठवणही लागत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर ते आरशापेक्षा सरस आहे हे मान्य. पण मागे बस आहे की दुचाकी, ती कडेने येतेय की मधून, हे आरसाच सांगतो. आपल्याच वेगाने मागे रेंगाळणारी गाडी रडारला नीट पकडता येत नाही, आरशात ती ठाण मांडून दिसते.

आणि वळायच्या आधी मी अजूनही मान वळवते. खांद्याच्या लगेच मागचा टापू आरशात येत नाही हे एक कारण. दुसरं कारण मागच्या माणसाचं. माझी नजर आरशात गेलेली त्याला दिसत नाही, वळलेली मान दिसते. मान दिसली की तो समजतो, ही आता काहीतरी करणार. म्हणून क्रम ठरवलाय: आरसा, मग मान, मग हात. आरशाने मान वळवायची वेळ निवडता येते, आणि पुढचे सात मीटर डोळे मिटून जात नाहीत.

गाड्या डावीकडून चालतात तिथे आरसा उजव्या डोळ्याला लागतो, उजवीकडून चालतात तिथे डाव्या. मागवताना बाजू तपासा. आमच्यातल्या एकाने उलटा मागवला आणि आता त्याला फक्त फुटपाथ दिसतो.

पुढच्या 300 किलोमीटरसाठी यादी: नोजपॅडवर खरखरीत सिलिकॉनची पट्टी चिकटवून बघायची, आरशावर साठणाऱ्या वाफेसाठी फवारा किती राइड टिकतो ते मोजायचं, आणि पावसात एकदा तरी निघायचं. घामाचा एक थेंब आरशावर बसला की ट्रकला तीन हेडलाइट दिसतात, पावसात किती दिसतात ते लिहीन.