बॅकअपचा ताळा

बॅकअप मध्येच अडला की लोक आधी डिस्कला शिव्या घालतात, मग विंडोजला. केबलकडे कुणी बघत नाही. खिशात मावणाऱ्या डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती वीजही यूएसबीतूनच ओढते. यूएसबी 2.0 पोर्टनं नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर द्यायचे, 3.0 नं 900. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून बारीक वायर ओढलेली. मग डिस्क दिसते, टिकटिक करते, गायब होते. मागचं, थेट मदरबोर्डवरचं, बहुतेकदा आतून निळं असलेलं पोर्ट धरावं आणि केबल आखूड घ्यावी. बरीच दुखणी इथेच बरी होतात. तरीही टिकटिक राहिली, तर प्रयोग न करता आतलं निघेल ते आधी काढून घ्यावं.

जेल रोडच्या काकांचं दुखणं वेगळं. काका प्रेसमधून रिटायर झालेले. (नाशिकरोडला प्रेस म्हटलं की नोटा, वर्तमानपत्र नव्हे.) एक टीबीच्या डिस्कवर 931 जीबी दिसल्यावर त्यांनी कामच थांबवलं. "बाकीचे 69 कुठे गेले रे?" कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या, जागा तेवढीच, हे त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असेल असं वाटत नाही.

पुढची भानगड क्षुल्लक, म्हणूनच चीड आणणारी. बॅकअपचा प्रोग्राम ई ड्राइव्ह शोधत बसलेला. पण काकूंनी भजनांचा पेन ड्राइव्ह आधी लावल्यामुळे ई त्याला मिळालेला आणि डिस्क झालेली एफ. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला झेड अक्षर देऊन टाकलं आणि प्रोग्रामलाही तेच दाखवलं. झेडपर्यंत सहसा कुणी पोचत नाही. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ मात्र जुन्या डिस्कवर जाईना. ती कधीतरी टीव्हीला चालावी म्हणून फॅट-32, म्हणजे फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत, करून घेतलेली. फॅट-32 मध्ये 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, डिस्क अर्धी रिकामी असली तरी. आतलं सगळं उतरवून घेतलं आणि एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट मारला.

शेवटी 'बॅकअप पूर्ण' असं आलं. पण ते लिहिलं गेल्याचं झालं, वाचता येतं की नाही हे कुणी पाहिलंय? रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. कुठल्याशा गावाचा माणूस येतो, आडनाव सांगतो, पणजोबांचं नाव विचारतो, आणि वही उघडावीच लागते. पान फाटलं असेल तर तिथेच कळतं. आपल्या डिस्ककडे पणजोबा मागायला कुणी येत नाही. ती ड्रॉवरमध्ये पडून असते आणि आपण निर्धास्त.

म्हणून काकांना म्हटलं, बॅकअपमधली एखादी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडा, कुठलीही. लग्नाचा व्हिडिओ काढतील असं वाटलं होतं. त्यांनी सोसायटीचा जुना हिशेब काढला आणि कागदावर बेरीज करून पाहिली.

जुनी डिस्क, म्हणजे दुसरी प्रत, कुठे ठेवायची यावर मात्र घरात अजून एकमत नाही. काका म्हणतात कपाटात, नवीच्या शेजारी. काकू म्हणतात पुण्याला मुलीकडे. गोदेचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला की छातीला, असं मोजणाऱ्या गावात माझं मत काकूंना.