लोखंडी पाइप, नग १

पार्सल ऑफिसच्या पावतीवर माझ्या भाल्याची नोंद 'लोखंडी पाइप, नग १' अशी आहे. ती पावती मी अजून ठेवलीय, पदकांच्या पिशवीतच. लोक विचारतात, कॉलेजच्या मैदानावरून सीनियर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कशी पोचलीस? त्यांना सरावाबद्दल ऐकायचं असतं. खरं सांगू? फेकायला मी शिकले चार वर्षांत, पण डोक्यात राहिलेत ते भाला गाडीत चढवण्याचे तीन दिवस.

आधीचं थोडक्यात सांगते. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे पोरी पळतात, कारण ललिता बाबर आमच्याच तालुक्यातली, मोहीची. रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली तेव्हा गावोगावी पोरी पहाटे रस्त्यावर दिसायला लागल्या. मीही पळायचे, पण पाचवी-सहावी यायचे. अकरावीला सरांनी क्रिकेटचा चेंडू फेकायला लावला आणि म्हणाले, "बाळ, तू पळू नको, फेक." मग आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविद्यापीठ, मग राज्य संघटनेकडून नाव, अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनचा नोंदणी क्रमांक. हे सगळं जसं व्हायचं तसं झालं. एक मात्र लिहून ठेवा : दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं करून घ्या, आणि तेही स्पर्धेच्या हंगामाआधी. माझं होतं. मैत्रिणीचं नव्हतं, ती त्या वर्षी घरी बसली.

भाल्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बायकांचा भाला ६०० ग्रॅमचा, लांबी २.२० ते २.३० मीटर. पुरुषांचा ८०० ग्रॅम आणि २.६० ते २.७०. शिवाय प्रत्येक भाला किती मीटर फेकणाऱ्यासाठी आहे ते ठरलेलं असतं : ५० मीटरचा, ६० चा, ७० चा. जितका वरचा तितका कडक. कडक भाल्याला जोर अगदी सरळ रेषेत लागला पाहिजे, जरा तिरका लागला की तो हवेत शेपटी हलवत जातो आणि बदकन आडवा पडतो. आडवा पडला, म्हणजे टोक आधी टेकलं नाही, तर फेक फुकट. माझा भाला ६० चा, सेकंडहँड, ३८,००० रुपयांचा. अण्णांनी शेळ्या विकल्या, दादानं १०,००० घातले. अन्नू राणी, जिनं २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटरवर सोनं घेतलं, ती सुरुवातीला उसाच्या कांड्या फेकायची म्हणतात. आमच्याकडे ऊसही नाही, मी वेळूच्या काठ्या फेकल्या. सांगायचा मुद्दा, तो भाला माझ्यासाठी नुसतं साहित्य नव्हता. त्याच्या दोरीच्या पकडीवर माझ्या बोटांचे खड्डे पडलेत.

स्पर्धा भुवनेश्वरला, कलिंग स्टेडियमवर. गाडी कोणार्क एक्स्प्रेस. आंतरविद्यापीठला आम्ही बाराजण होतो, सगळं सरांनी पाहिलं होतं. या वेळी मी एकटी. रेल्वेचा नियम असा की डब्यात सोबत न्यायची पेटी १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच, याच्या आत हवी. वजनाचा प्रश्न नव्हता, स्लीपरला ४० किलो चालतं आणि भाला ठेवायची माझी प्लॅस्टिकची नळी भाल्यासकट सहा किलोही नव्हती. पण लांबी आठ फूट. सर म्हणाले, "एकटी आहेस, टीसीशी वाद नको, रीतसर ब्रेकव्हॅनला बुक कर." ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीला जोडलेला सामानाचा डबा. सरांचं आयुष्यात पहिल्यांदाच चुकलं.

गुरुवारी संध्याकाळची गाडी. मी शहाणी, मंगळवारीच गेले. (स्टेशनचं नाव लिहीत नाही, तिथून मला अजून बऱ्याचदा जायचंय.) खिडकीत साहेब होते. फॉर्मवर 'वस्तूचे नाव' असा रकाना. मी लिहिलं, भाला.

"भाला म्हणजे?"

"भाला, साहेब. भालाफेकीचा."

"हत्यार आहे. पोलिसांचं पत्र आणा."

मला आधी वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. मी म्हटलं, साहेब, ऑलिंपिकमधला खेळ आहे, नीरज चोप्रानं टोकियोत सोनं आणलं तो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "नीरज चोप्रा विमानानं जातो." मागच्या रांगेत दोघं हसले. त्या हसण्याचा राग मला भुवनेश्वरपर्यंत पुरला.

पोलीस चौकीत गेले. तिथले हवालदार चांगले होते, चहा विचारला. पण पत्र कसलं द्यायचं हे त्यांनाही कळेना. "परवाना लागतो तो बंदुकीला. याला आम्ही काय लिहून देणार? घेऊन जा की." तोंडी परवानगी मिळाली, जी खिडकीत चालत नाही.

बुधवारी कॉलेजचं पत्र घेऊन गेले. लेटरहेड, शिक्का, प्राचार्यांची सही. पत्र मराठीत. साहेबांनी ते उलटं करून मागची कोरी बाजूही वाचल्यासारखी केली आणि म्हणाले, "पुढं ओडिशात हे कोण वाचणार? हिंदी किंवा इंग्रजीत आणा." पत्र वाचायचं होतं त्यांनी, ओडिशानं नाही. पण हे मला रात्री अंथरुणावर सुचलं. अशी उत्तरं रात्रीच सुचतात. त्या दिवशीचा सराव बुडाला. स्पर्धेच्या चार दिवस आधी हलका सराव असतो, पाच-सहा क्रॉस स्टेप (फेकीआधीची आडवी पावलं) आणि दोन-तीन फेकी, तेवढंही झालं नाही. खांदा नुसता पाठीवरच्या नळीच्या पट्ट्यानं दुखला.

गुरुवारी इंग्रजी पत्र, तिकिटाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, दोन-दोन प्रती. या वेळी पत्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नळीकडे बोट केलं. "हे असं उघडं नाही चालणार. गोणपाटात शिवून आणा." म्हणजे हे मंगळवारी सांगता आलं असतं! गाडीला तीन तास होते.

बाहेर झाडाखाली पॅकिंगवाले बसतात. त्यातल्या एका मामांनी दाभण आणि सुतळी काढली आणि वीस मिनिटांत नळी अशी शिवली की सासरी निघालेल्या मुलीला बापानं गादी शिवून द्यावी. ३०० रुपये घेतले. शिवताना विचारलं, "आत काय आहे?"

"भाला."

मामा थांबले. "असं सांगितलंस खिडकीत?"

"हो."

"मग तीन दिवस काय तीन महिने फिरवतील. पाइप म्हण."

मी गेले, नवा फॉर्म घेतला, 'पाइप' लिहिलं. तेच साहेब, तीच खिडकी, तीच नळी. 'लोखंडी' हा शब्द त्यांनी स्वतःहून घातला. प्लॅस्टिकची नळी होती हो ती, वजनकाट्यावरचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण सात मिनिटांत पावती हातात. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली, कारण तीन दिवस मी खरं बोलत होते.

सामान गाडीच्या वेळेआधी किमान अर्धा तास द्यावं लागतं. मी दोन तास आधी दिलं होतं. गाडी आली, मी डब्यात चढले, खिडकीतून मागं बघत राहिले. ब्रेकव्हॅनपाशी हातगाडी उभी, त्यावर पेट्या, मोटारसायकल, आणि सगळ्यात वर माझं गोणपाट. मोटारसायकल चढली. पेट्या चढल्या. मग दार ओढून घेतलं. गाडी हलली तेव्हा हातगाडी प्लॅटफॉर्मवर होती आणि माझा भाला हातगाडीवर.

हे कुठं कुणी सांगत नाही म्हणून सांगते : पावती म्हणजे त्याच गाडीनं जाईल असं नाही. जागा असेल तर जातं. स्पर्धेचं साहित्य तीन-चार दिवस आधीच्या गाडीनं पाठवा आणि तिकडं कुणीतरी ओळखीचं उतरवून घ्यायला ठेवा. किंवा पाठवूच नका.

दीड दिवसाचा प्रवास. सोलापूरपर्यंत रडले, सिकंदराबादपर्यंत फोन केले, विजयवाड्यानंतर फोन करायचे सोडून दिले. आईचा फोन आला तर म्हटलं सगळं ठीक आहे. तिनं दिलेल्या दशम्या मात्र सगळ्या संपवल्या, रडून भूक फार लागते.

स्पर्धेत स्वतःचा भाला वापरायचा तर आधी तपासणीला द्यावा लागतो. वजन, लांबी, पकड, तोल, सगळं मोजतात आणि खूण करून ठेवून घेतात. (टोक झिजलेलं असेल तर घरीच काट्यावर तोलून बघा. ५९८ ग्रॅम भरला तर परत देतात, तिथं गयावया चालत नाही.) आणि एकदा तो भाला आत गेला की तो सगळ्यांचा. कुणीही वापरू शकतं. हा नियम मला पूर्वी खटकायचा, आपला भाला दुसरीनं का घ्यावा? त्या दिवशी त्याच नियमानं मी उभी राहिले. आयोजकांचे भाले होते, पण ते ७० चे, माझ्या हाताला कडक. स्टँडवर एक ६० चा होता, उत्तर प्रदेशच्या एका मुलीचा. नियमानं विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. ती म्हणाली, "ले लो दीदी, बस गीला मत करना." तळहाताला घाम येतो ना, तो आधी पुसून घे असं तिचं म्हणणं.

पहिली फेक फाऊल. रेषेवर पाय. पकड माझ्यापेक्षा जाड होती, बोट कुठं अडकवायचं तेच कळत नव्हतं. दुसरी आडवी पडली. एका फेकीला एक मिनिट मिळतं आणि पहिल्या तीन फेकींनंतर आठजणीच पुढं जातात. तिसरीला मी धावपट्टीच्या टोकाला उभी राहिले आणि काय आठवलं असेल? खिडकी. "नीरज चोप्रा विमानानं जातो." सर म्हणतात रागात फेकू नये, खांदा आधी उघडतो आणि कोपर खाली येतं. बरोबरच आहे. पण त्या दिवशी रागानं माझा डावा पाय असा रोवला गेला की आजवर तसा रोवला नव्हता. ४९.८७. आठवी. आत.

पाचव्या फेकीला ५१.६२ आणि शेवटी सहावी. माझी तोवरची सगळ्यात लांब फेक, दुसरीच्या भाल्यानं. सरांना फोन केला तर पहिला प्रश्न, "भाला आला का?"

सोमवारी आला. स्पर्धा रविवारी संपली होती. तिकडच्या काउंटरवर पावती दाखवली, गोणपाट समोर ठेवलं. मला तिथंच उघडून बघायचं होतं. दाभणाचे टाके असे घट्ट की ब्लेड मागून आणावं लागलं. भाला ठीक होता, नळीचं एक झाकण फुटलं होतं. बाबू वाकून बघायला लागला. "जॅवलिन?" म्हणाला. मी मान हलवली. त्यानं पावतीवरचं 'लोखंडी पाइप' वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला.

परतीला बुकिंग केलं नाही. नळी डब्यातच नेली. साइड अपरच्या बाहेरच्या कडेला, त्याच सुतळीनं दोन ठिकाणी बांधली. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही हेच करा असं सांगत नाही, केलं एवढंच सांगते. टीसी दोनदा आला, तिकीट बघितलं, वर बघितलं, पुढं गेला. खालच्या बर्थवरच्या काकांनी विचारलं, पडद्याचा पाइप आहे का? मी हो म्हटलं. मग त्यांनी त्यावर आपला ओला टॉवेल टाकला आणि तो सोलापूरपर्यंत तिथंच वाळत होता.