क्लोरल हायड्रेट: तर्क चुकला, औषध लागू पडलं

निर्जल अल्कोहोलमधून कोरडा क्लोरीन वायू सोडत राहायचा. सुरुवातीला भांडं गार ठेवावं लागतं, कारण क्रिया भडकते. शेवटी उलट तापवावं लागतं, नाहीतर क्लोरीन जिरतच नाही. मग तीव्र गंधकाम्ल घालून ऊर्ध्वपातन केलं की क्लोरल हा तेलकट द्रव मिळतो. त्यात मोजून पाणी घातलं की पांढरे स्फटिक जमतात, तेच क्लोरल हायड्रेट, झोपेचं जुनं औषध. रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३२ मध्ये जर्मनीतल्या गीसेनला क्लोरल बनवलं खरं, पण ते झोपेसाठी द्यावं असं पुढची सदतीस वर्षं कुणाला सुचलं नाही.

१८६९ मध्ये बर्लिनचे औषधशास्त्रज्ञ ओस्कार लीब्राइख यांनी हिशोब मांडला. परीक्षानळीत क्लोरलवर अल्कली टाकला की क्लोरोफॉर्म सुटतो. रक्तही किंचित अल्कधर्मी, मग पोटातून दिलं तर अंगात हळूहळू क्लोरोफॉर्म तयार होईल आणि माणूस झोपेल. दिलं, आणि माणूस झोपला! हिशोब मात्र साफ चुकला होता. रक्ताचा सामू (pH) ७.४ च्या आसपास, म्हणजे जेमतेम अल्कधर्मी. तेवढ्या अल्कलीनं हे काम होत नाही. खरं काम यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) करतं. ते काही मिनिटांत क्लोरलचं ट्रायक्लोरोइथेनॉल करून टाकतं आणि गुंगी येते ती याची.

हे एकदा कळलं की बाकीच्या गोष्टींचा उलगडा होतो. दारू पचवणारं विकरही हेच. दारू पचताना जे एनएडीएच (विकराला हायड्रोजन पुरवणारा रेणू) तयार होतं, ते क्लोरलचं रूपांतर आणखी वेगानं घडवतं, आणि ट्रायक्लोरोइथेनॉल दारूचं पचन अडवून धरतं. म्हणजे दोन्ही एकमेकांना चढवतात. दारूत क्लोरल घालून गिऱ्हाईक लुटण्याची अमेरिकी युक्ती यावरच चालायची, आणि आपल्याकडे ताडीत क्लोरल मिसळतात तेव्हा माणसं दगावतात तीही यामुळेच.

मोठ्या माणसाला झोपेसाठी अर्धा ते एक ग्रॅम देत. अफू आणि ब्रोमाइडच्या त्या जमान्यात अर्ध्या तासात हमखास झोप आणणारं औषध म्हणजे चैनच. मनोरुग्णालयांतून ते भरपूर खपलं. वेदना मात्र ते थांबवत नाही. दुखणाऱ्या रोग्याला दिलं तर तो झोपायचा सोडून बरळायला लागतो. चव जळजळीत, रिकाम्या पोटी घेतलं तर उलटी ठरलेली, म्हणून भरपूर पाण्यातून द्यायचं. सवय लागते, आणि मग डोस वाढत जातो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल १८९३ मध्ये गेले ते पत्नीच्या हातून मॅग्नेशिया या पोटाच्या औषधाऐवजी चुकून क्लोरल दिलं गेल्यामुळे.

जास्त झालं तर श्वास मंदावतो, आणि हृदय ॲड्रेनलिनला हळवं होऊन ठोके बिघडतात. अशा वेळी ॲड्रेनलिन देणं म्हणजे आगीत तेल. ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारे बीटा-ब्लॉकर उपयोगी पडतात.

लहान मुलांच्या ईईजी (मेंदूचा आलेख) किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) या तपासण्यांआधी आपल्याकडे देतात ते ट्रायक्लोफॉस सिरप याच घराण्यातलं: ट्रायक्लोरोइथेनॉलचा फॉस्फेट, पोटाला सौम्य. डोस मिलिग्रॅममध्ये आणि किलोमागे ठरतो. नुसतं ‘दोन चमचे’ सांगितलं की घोटाळा होतो, कारण चमचे सारखे नसतात आणि बाटलीवरची तीव्रताही नेहमी एकच असेल असं नाही. तपासणी संपली म्हणून गुंगी संपत नाही, तान्ह्या बाळात तर ती फार लांबते. घरी नेताना बाळाची मान पुढे पडून श्वास अडकू शकतो. पूर्ण जागं झाल्याशिवाय सोडू नये, आणि हे औषध घरून पाजून आणू नये.

फार्मसीच्या प्रयोगशाळेत क्लोरल अजून रोजच्या वापरात आहे. झाडपाल्याच्या चूर्णाची स्लाइड पाहायची तर क्लोरलच्या दाट द्रावणात ती हलकेच उकळतात. हरितद्रव्य, स्टार्च निघून जातात आणि पेशींच्या भिंती काचेसारख्या स्वच्छ दिसतात. जोरात उकळलं तर बुडबुडे अडकतात. थंड होण्याआधी ग्लिसरीनचा थेंब टाकायला विसरलात, तर क्लोरलच्याच सुया जमतात, आणि नवखे विद्यार्थी त्यांना झाडातच असणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक समजून वहीत सुबक आकृती काढून ठेवतात.